कसरतपटूपासून फिटनेस-मंचापर्यंत : तरुण शरीराचा ताळेबंद

खटकचिंचोळीसारख्या गावात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला क्रीडावैद्यकाची गरज फारशी पडत नाही, असा समज पूर्वी होता. भालकी तालुक्यातला हा परिसर शेतीचा. जत्रेतील कुस्ती आणि तालमीतील जोर-बैठका एवढाच येथील व्यायामाचा व्याप. गेल्या काही वर्षांत मात्र चित्र बदलले आहे. उदगीर, लातूर, पुणे येथे वसतिगृहात राहून जिम्नॅस्टिक्स वा मल्लखांब शिकणारी आपली मुले-मुली सुटीत गावी येतात. काही वर्षांनी त्यांपैकी एखादी विचारते, ‘‘जिम्नॅस्टिक्सचं वय संपलं, आता फिटनेसच्या स्पर्धेत उतरू का?’’ या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात एका जागी सापडत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाची मांडणी सहव्यावसायिकांसमोर, तसेच समाजातील पालकांसमोर करीत आहे.

परंपरा आपली, मंच नवा

शरीर वाकवणे, तोलणे, उलटे धरणे ही विद्या मराठी माणसाला परकी नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्लखांबाला नवे रूप दिले. निजामाच्या मुलखातून आलेल्या दोन नामांकित मल्लांचे आव्हान पेलण्यासाठी त्यांनी ही विद्या सिद्ध केली, अशी आख्यायिका सांगतात. आपला बीदर जिल्हाही पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व राज्यात होता, हे ध्यानात घेतले तर त्या आख्यायिकेतील दुसरी बाजू आपल्याच भागाची म्हणावी लागेल! अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराने मुला-मुलींच्या पिढ्या घडविल्या. तेथेच फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि त्या संस्थेचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या परंपरेत शरीर हे साधन आहे. उडी नीट झाली, पकड सुटली नाही, उतरताना पाय डळमळले नाहीत, की गुण मिळतात. फिटनेस स्पर्धेत मात्र शरीर हेच परीक्षेचा विषय होते. व्यावसायिक ‘फिटनेस’ प्रकारात दोन भाग असतात. एका भागात स्पर्धक मंचावर उभी राहते आणि स्नायूंची ठेवण, प्रमाणबद्धता व चरबीचा अभाव यांवर तिचे परीक्षण होते. दुसऱ्या भागात संगीताच्या साथीने दीड-दोन मिनिटांचा कसरतींचा कार्यक्रम सादर करावा लागतो. त्यात ताकद, लवचिकता व उड्या यांचा कस लागतो. या प्रकाराची सर्वांत मानाची ‘फिटनेस ऑलिम्पिया’ स्पर्धा १९९५ मध्ये सुरू झाली. रशियाची ओक्साना ग्रिशिना ही लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स केलेली खेळाडू २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षे तेथे विजेती ठरली. दुसऱ्या भागासाठी लागणारे कौशल्य जिम्नॅस्टजवळ आयतेच असते. तिचा खरा कस लागतो तो पहिल्या भागात, आणि वैद्यकीय धोकाही तेथेच आहे.

जमेची बाजू

बालपणापासून जिम्नॅस्टिक्स केलेल्या मुलीच्या शरीराचा ताळेबंद मांडला, तर जमेची बाजू मोठी दिसते. उडी मारून उतरताना सांगाड्यावर देहवजनाच्या कित्येक पट भार येतो आणि वाढत्या वयातील हाड या भाराला प्रतिसाद देऊन घट्ट होते. १९९५ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन जिम्नॅस्ट व धावपटू मुलींची तुलना झाली. पाळीची अनियमितता दोन्ही गटांत सारखीच होती; पण जिम्नॅस्ट मुलींची अस्थिघनता स्पष्टपणे अधिक भरली. शिवाय तोल सांभाळण्याची जाण, वजनाच्या मानाने मोठी ताकद, शिस्त आणि मंचावर न बावरणारे मन हे भांडवलही तिच्याजवळ असतेच.

नावेची बाजू

दुसरीकडे काही देणीही साचलेली असतात. मनगटाशी रेडिअस हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या वाढीच्या चकतीवर हातांवर तोल धरण्याने वर्षानुवर्षे ताण येतो. कमरेची कमान मागे वाकवण्याच्या सवयीने पाचव्या कंबरमणक्याच्या कमानीत ताणजन्य भंग होतो. त्याला आपण स्पॉन्डिलोलिसिस म्हणतो. जॅक्सन व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये १०० तरुण जिम्नॅस्ट मुलींची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा ११ जणींत हा दोष आढळला. सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे चौपट होते. म्हणून जिम्नॅस्टची कंबर मागे वाकताना दुखत असेल तर ‘लचक भरली’ म्हणून मलम देऊन पाठवू नये. तिला एका पायावर उभे करून मागे वाकवून पाहावे, आणि दुखणे वाढले तर एम.आर.आय. करून घ्यावा.

यापेक्षा मोठे देणे डोळ्यांना दिसत नाही. ‘हलके राहा’ हा मंत्र या मुलींनी सात-आठ वर्षांच्या असल्यापासून ऐकलेला असतो. अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक हिला १९८८ मध्ये एका परीक्षकाने वजन कमी करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर तिचे खाणे आक्रसत गेले आणि जुलै १९९४ मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या गुंतागुंतीने, अवयव निकामी होऊन, बाविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. खाण्याशी असे बिघडलेले नाते घेऊन एखादी मुलगी फिटनेस-मंचाकडे वळली, तर तिला जुन्याच आजाराला नवे, प्रतिष्ठित नाव मिळते. तेथे तर चरबी घटविण्यालाच गुण असतात!

ऊर्जेचे गणित

या विषयातील सर्वांत उपयुक्त कल्पना ‘उपलब्ध ऊर्जा’ ही आहे. दिवसभरात खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामात खर्च झालेले उष्मांक वजा करावेत आणि उरलेल्यास चरबी वगळून असलेल्या देहवजनाने भागावे. येणारा आकडा ४५ च्या आसपास असेल तर हृदय, मेंदू, अंडाशय, हाडे यांना आपापला वाटा मिळतो. तो ३० च्या खाली गेला, की मेंदूतून अंडाशयाकडे जाणाऱ्या एल.एच. संप्रेरकाचे ठोके विस्कळित होतात, हे लाउक्स व थुमा यांनी २००३ मध्ये दाखवून दिले.

एक उदाहरण घेऊ. मुलीचे वजन ५० किलो, त्यात चरबी २० टक्के, म्हणजे चरबी वगळून वजन ४० किलो. ती दिवसाला १५०० उष्मांक खाते आणि ५०० व्यायामात खर्च करते. उरले १०००, भागिले ४०, म्हणजे २५. वरकरणी ती धडधाकट आहे, रोज व्यायामशाळेत जाते, कोणाच्या दृष्टीने आजारी नाही. पण शरीराच्या लेखी तो दुष्काळ आहे. तिला ४५ पर्यंत न्यायचे तर १८०० अधिक ५०० असे २३०० उष्मांक लागतील. दुष्काळात शेतकरी जसा प्रथम बियाण्याचा खर्च थांबवतो, तसे शरीर प्रथम प्रजननाचा खर्च थांबवते. पाळी बंद होते ती याच कारणाने.

अमेरिकेच्या क्रीडावैद्यक महाविद्यालयाच्या पुढाकाराने १९९२ पासून खाण्यातील बिघाड, पाळीचा बिघाड व हाडांची झीज या तिहेरी आजाराला ‘खेळाडू स्त्रीची त्रयी’ म्हटले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ही कल्पना विस्तारून ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ अशी मांडली आणि २०१८ व २०२३ मध्ये तिच्यात सुधारणा केल्या. या मांडणीनुसार हा आजार स्त्रियांपुरता नाही. पुरुषांतही तो होतो, आणि हृदय, थायरॉईड, रोगप्रतिकार, मन:स्थिती या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

स्पर्धेच्या तयारीत शरीरात काय घडते?

याचे चोख उत्तर देणारा अभ्यास फिनलंडमध्ये झाला. हुल्मी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात २७ महिला फिटनेस स्पर्धकांचे स्पर्धेपूर्वीच्या सुमारे २० आठवड्यांच्या आहारनियंत्रणात निरीक्षण केले गेले. वजन सरासरी १२ टक्क्यांनी घटले. लेप्टिन, टी-थ्री, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल यांची पातळी खाली आली आणि पाळीच्या तक्रारी वाढल्या. स्पर्धेनंतर तीन-चार महिने नीट खाल्ल्यावर बहुतेक गोष्टी पूर्वपदावर आल्या. टी-थ्री व टेस्टोस्टेरॉन मात्र अद्याप कमीच होते.

दुसरी नोंद एकाच स्पर्धक स्त्रीची आहे. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने कोणतेही औषध घेतले नव्हते. वीस आठवड्यांत तिची चरबी १५.१ वरून ८.६ टक्क्यांवर आली. तयारीच्या अकराव्या आठवड्यात पाळी थांबली आणि स्पर्धेनंतर ७१ आठवड्यांनी परतली. मंचावरील काही मिनिटांसाठी शरीराने जवळजवळ दीड वर्ष परतफेड केली! पुरुषांचीही कथा वेगळी नाही. २०१३ च्या एका नोंदीत, औषधे न घेणाऱ्या शरीरसौष्ठवपटूच्या नाडीचे ठोके तयारीच्या काळात मिनिटाला ५३ वरून २७ वर आले होते.

या दोन अभ्यासांतून मला एक सूत्र दिसते. तयारीचा काळ मर्यादित असेल आणि त्यानंतर भरपूर खाण्याचा काळ खरोखर येत असेल, तर शरीर बव्हंशी सावरते. धोका आहे तो एका स्पर्धेच्या उपासातून थेट दुसऱ्या स्पर्धेच्या उपासात जाण्याचा. जिम्नॅस्टच्या बाबतीत हा धोका दुप्पट होतो, कारण तिचा पहिला उपास बालपणीच सुरू झालेला असतो. शिवाय उड्यांचा सराव कमी झाला, की हाडांना मिळणारे ते जुने संरक्षणही पातळ होते. ऊर्जान्यूनता मात्र तशीच राहते.

एक अनुभव

ओळख पटू नये इतके तपशील वगळून एक अनुभव सांगतो. जिम्नॅस्टिक्स सोडून वर्ष झालेली एकोणीस वर्षांची मुलगी आईसोबत माझ्याकडे आली. हातात स्पर्धेचा अर्ज होता. त्यावर शारीरिक पात्रतेचा दाखला हवा होता. रक्तदाब, नाडी, छाती सर्व तपासले. नाडी ४६ होती. पाळीविषयी विचारताच ती म्हणाली, ‘‘काका, सात महिने झाले आली नाही. पण सर म्हणतात, असं सगळ्याच मुलींचं होतं. तयारी बरोबर चालू आहे याची ती खूण आहे.’’

आई म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, मला तर भीतीच वाटते. पण पोरगी ऐकत नाही. भाकरी बघितली तरी उठून जाते.’’

गर्भधारणेची शक्यता प्रथम दूर केली. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एफ.एस.एच., एल.एच. व इस्ट्रॅडिऑल तपासले. इतर कारणे निघाली नाहीत. लातूरला अस्थिघनता मोजून घेतली. वयाच्या तुलनेचा अंक उणे १.४ आला. सर्वसाधारण मुलीत या आकड्याने मी फार चिंतित झालो नसतो. पण ज्या मुलीने दहा वर्षे उड्या मारल्या, तिचा आकडा शून्याच्या वर असायला हवा होता. मी तो कागद तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, ‘‘बाळ, तू उड्या मारून साठवलेलं धन खर्च होत आहे. या हंगामाच्या अर्जावर मी सही करणार नाही. पुढच्या हंगामाची तयारी मात्र आपण दोघं मिळून करू.’’

ती रडली, आठ दिवस आली नाही. नंतर एकटीच आली. आहारात हळूहळू वाढ केली, व्यायामाचे दिवस सहावरून चारवर आणले. सहाव्या महिन्यात पाळी आली. स्पर्धेत उतरायचे की नाही हे तिने अद्याप ठरविलेले नाही, आणि मीही घाई करीत नाही.

औषधे आणि डबे

फिटनेसच्या वाटेवर पूरक आहाराचे डबे पावलोपावली भेटतात. आपल्या देशाची सर्वांत यशस्वी जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात हायजेनामाइन हे प्रतिबंधित द्रव्य सापडले आणि तिला २१ महिन्यांच्या बंदीला सामोरे जावे लागले. जुलै २०२३ मध्ये बंदी संपल्यावर तिने २०२४ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि त्याच वर्षी निवृत्ती घेतली. हायजेनामाइन हे काही वनस्पतींत आढळते आणि चरबी घटविण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पूरकांतही असते. जागतिक दर्जाच्या खेळाडूची ही गत, तर तालुक्याच्या दुकानातून डबा आणणाऱ्या मुलीने किती सावध असावे!

स्नायुवर्धक स्टेरॉईडांविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. स्त्रियांत त्यांमुळे आवाज जाड होतो, आणि औषध थांबविल्यावरही तो बहुधा परत येत नाही. मंचापूर्वी पाणी तोडण्यासाठी घेतलेल्या मूत्रल गोळ्यांनी क्षारांचे संतुलन बिघडून हृदय थांबू शकते. ऑक्टोबर १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा आणि मार्च १९९६ मध्ये आंद्रेआस म्युन्झर हे व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू ऐन तारुण्यात गेले, तेव्हापासून या क्षेत्राला हे ठाऊक आहे. ‘एवढे इंजेक्शन देऊन टाका, डॉक्टर’ अशी विनंती आपल्यापैकी कोणाला आली, तर ती नाकारणे हाच उपचार आहे.

सहव्यावसायिकांना विनंती

१. पाळीचा इतिहास नाडी-रक्तदाबाइतकाच आवश्यक मानावा. पंधरा वर्षांपर्यंत ऋतुप्राप्ती न होणे किंवा सलग तीन महिने पाळी न येणे, या दोन्हींची तपासणी व्हावी.

२. गर्भनिरोधक गोळ्या देऊन ‘पाळी आणून’ समाधान मानू नये. गोळीने येणारा रक्तस्राव ऊर्जान्यूनता झाकतो. हाडांना त्याचा लाभ होत नाही. पहिला उपचार अन्न व विश्रांती हाच आहे.

३. तरुण खेळाडूच्या अस्थिघनतेत वयाशी तुलना करणारा झेड-अंक पाहावा. उड्यांच्या खेळातील मुलीत तो उणे १ च्या खाली असेल तर दखल घ्यावी.

४. हिमोग्लोबिन, फेरिटिन व ड जीवनसत्त्व तपासावे. नाडी फार मंद असेल तर ई.सी.जी. काढावा.

५. पात्रतेचा दाखला हा शिक्क्याचा विषय समजू नये. दोन स्पर्धांमध्ये भरपाईचा काळ असेल, तो किती महिन्यांचा असेल, हे विचारून मगच सही करावी.

६. अन्नाविषयी भीती, चोरून उलटी करणे, आरशाचा ध्यास ही लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाची मदत लवकर घ्यावी.

पालकांसाठी थोडेसे

महागड्या डब्यांवाचून आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ काही आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, दही, दूध, अंडी यांतून ऊर्जा व प्रथिने दोन्ही मिळतात. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन मुबलक पिकते. त्याच्या ५० ग्रॅम वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मुलीच्या ताटातील भाकरी कमी होत असेल, थंडी अधिक वाजत असेल, चिडचिड वाढली असेल, तर शिस्त म्हणून तिचे कौतुक करण्याआधी तिला वैद्यांकडे आणावे. पाळीविषयी घरात मोकळेपणाने बोलावे. तो विषय आईपुरता ठेवू नये.

या मुलींना फिटनेस-मंचावर जाण्यापासून रोखावे, असे माझे मत नाही. ज्या वयात जिम्नॅस्टिक्स त्यांना निरोप देते, त्या वयात कष्टाने कमावलेले कौशल्य पुन्हा वापरण्याची संधी मिळणे ही आनंदाची गोष्ट आहे, आणि काहींना त्यातून उपजीविकाही मिळते. पण जिम्नॅस्टिक्सने जमेला टाकलेले हाड व बळ पंचविशीच्या आत उधळले गेले, तर त्याची किंमत त्या मुलीला पन्नाशीत मोजावी लागेल. तेव्हा टाळ्या वाजविणारे प्रेक्षक समोर नसतील. हा ताळेबंद वेळीच मांडणारा माणूस बहुधा गावचा डॉक्टरच असणार. ते काम आपण सर्वांनी मनावर घ्यावे, ही नम्र विनंती.